मिडीवर वाजणारे ठोके पुढेमागे पडतायत, जिटर कमी कसा करायचा?

ठेकेदार
मंडळी, हा धागा काढायचं कारण म्हणजे डोकं आऊट झालंय. सेटअप साधाच आहे, विंडोजचा लॅपटॉप, त्याला यूएसबीचा एक-इन एक-आऊट मिडी (वाद्यांना नोटांचे हुकूम देणाऱ्या संदेशांचा) इंटरफेस, त्यावरून ड्रम मशीन, ड्रम मशीनच्या थ्रूमधून (आलेला मिडी तसाच पुढे देणारा पोर्ट) एक सिंथ आणि त्याच्या थ्रूमधून दुसरा सिंथ. डीएडब्ल्यूमधून (गाणं रचायचं-रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) सरळ सोळांशाचे हायहॅट पाठवले, सगळे ग्रिडवर चिकटवलेले, तरी ऐकताना हायहॅट प्यायल्यासारखा चालतो. ऑडिओ रेकॉर्ड करून झूम केलं तर एक ठोका ग्रिडच्या किंचित आधी, पुढचा चांगला चार-पाच मिलिसेकंद उशिरा, त्याच्या पुढचा बरोब्बर. नुसता उशीर असता तर ट्रॅक डिले टाकून मोकळा झालो असतो पण इथे प्रत्येक ठोका वेगळा. ऑडिओचा बफर (एका वेळी किती सॅम्पल हाताळायचे तो आकडा) ५१२ वरून ६४ वर आणला, काही फरक नाही. ड्रम मशीनला मिडी क्लॉक (टेम्पो कळवणारी टिकटिक) दिलं तर त्याच्या डिस्प्लेवर टेम्पो सारखा नाचतो. सगळे म्हणतात महागातला इंटरफेस घे. घ्यायच्या आधी काय काय बघू?

वायरमन
आधी काहीच घेऊ नका. लेटन्सी (ठरावीक उशीर) आणि जिटर (दर वेळी बदलणारा उशीर, डळमळ) यांची गल्लत तुम्ही केलेली नाहीये हे बघूनच बरं वाटलं, नाहीतर इथे दर दुसरा माणूस बफर कमी करा म्हणून सांगून जातो. उशीर किती का असेना, दर वेळी तेवढाच असेल तर तो वजा करता येतो. डळमळ वजा करता येत नाही कारण वजा करायला आकडाच हातात नसतो.

तर पहिलं काम, डळमळ नक्की कुठे येते ते पकडणं. डीएडब्ल्यूपासून ड्रम मशीनच्या आवाजापर्यंत टप्पे बरेच आहेत: सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम, यूएसबी, इंटरफेस, केबल आणि शेवटी ड्रम मशीनचा स्वतःचा प्रोसेसर. शेवटचा लोक कायम विसरतात. काही जुन्या सिंथना मिडी मिळाल्यापासून आवाज काढेपर्यंतच दर वेळी वेगवेगळा वेळ लागतो, तिथे तुमचा लॅपटॉप कितीही शहाणा असला तरी उपयोग नाही.

एक प्रश्न. तिन्ही मशीन एकाच आऊटवर आहेत ना? आणि एकाच वेळी वाजतायत?

कट्टर_हार्डवेअर
कॉम्प्युटरवर मिडी चालवायचा तर अटारी एसटी. १९८५ चं मशीन, ८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि अजून लोक त्याच्या टायमिंगची शपथ घेतात. पुढचं काय ते तुम्ही बघा.

वायरमन
@कट्टर_हार्डवेअर, येणार होतातच तुम्ही :) पण का ते पण सांगा ना. एसटीमध्ये मिडीचे पोर्ट मशीनमध्येच होते, मध्ये यूएसबी नाही, ड्रायव्हरचे थर नाहीत, एका वेळी एकच प्रोग्रॅम. सिक्वेन्सरने बाइट चिपच्या रजिस्टरमध्ये ठेवला की तो निघाला केबलवर. आजच्या मशीनचा वेग हजारो पटींनी जास्त आहे पण ते एकाच वेळी शंभर कामं करत असतं आणि तुमची नोट त्यातलं एक. वेग हा मुद्दाच नाहीये, वेळेवर पाळी येणं हा मुद्दा आहे.

ठेकेदार
हो, तिन्ही एकाच आऊटवर. पॅडचे सहा नोटांचे कॉर्ड आहेत, बेस आहे, ड्रम आहेत, आणि पॅडच्या फिल्टरवर ऑटोमेशनपण काढलंय. थ्रूमुळे उशीर होतो असं वाचलंय, ते असेल का?

आकडेमोड्या
थ्रू नाही हो. खरा हार्डवेअर थ्रू असेल तर तो ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा छोटा भाग) आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे ढकलतो, तिथला उशीर मायक्रोसेकंदांचा. चार-पाच मशीन साखळीत लावली तर सिग्नलच्या कडा बिघडून नोटा गळतील किंवा अडकतील, पण ठोका पाच मिलिसेकंद हलणार नाही. (एखाद्या मशीनचा थ्रू सॉफ्टवेअरमधून फिरून येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खरंच उशीर होतो.)

तुमचा मुद्दा दुसराच आहे, जरा हिशोब करू. मिडीची केबल सेकंदाला ३१,२५० बिट नेते, १९८३ पासून तेवढेच. एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट लागतात म्हणजे एक बाइट ३२० मायक्रोसेकंद. नोट ऑन (नोट सुरू कर हा संदेश) तीन बाइटांची म्हणजे जवळजवळ १ मिलिसेकंद, नेमकं ०.९६. आता बारच्या पहिल्या ठोक्यावर काय होतं बघा, किक, हायहॅट, बेस आणि सहा नोटांचा कॉर्ड, नऊ नोटा. केबल एकच, रांग एकच, म्हणजे नववी नोट पूर्ण पोचेपर्यंत ८.६ मिलिसेकंद गेले. रनिंग स्टेटसने (तोच पहिला बाइट परत न पाठवायची सोय) एकाच चॅनलवरच्या लागोपाठच्या नोटा दोन बाइटांत बसतात, ०.६४ मध्ये, पण चॅनल बदलला की पुन्हा तीन.

आणि यात नोट ऑफ (नोट थांबव हे संदेश) धरलेच नाहीत! मागच्या बारचा कॉर्ड पूर्ण लांबीचा काढला असेल तर त्याचे सहा नोट ऑफ पण नेमके त्याच ठोक्यावर येऊन पडतात आणि बहुतेक वेळा नोट ऑनच्या आधी जातात. म्हणजे तुमची किक गर्दीच्या ठोक्याला मागे आणि रिकाम्या ठोक्याला वेळेवर. हे जे तुम्हाला रॅन्डम वाटतंय ना, त्यातलं बरंच रॅन्डम नाहीये, गाण्याच्या गर्दीबरोबर हलतंय.

फुकटात होणारे उपाय. कॉर्डच्या नोटा थोड्या आखूड करा म्हणजे नोट ऑफ ठोक्यावर पडणार नाहीत. ड्रमचा ट्रॅक डीएडब्ल्यूमध्ये सगळ्यात वर ठेवा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकाच टिकवरचे (टिक म्हणजे डीएडब्ल्यूचं वेळेचं सगळ्यात छोटं माप) इव्हेंट ट्रॅकच्या क्रमाने निघतात. पॅड सगळाच्या सगळा काही टिक मागे सरकवा, सावकाश उगवणाऱ्या आवाजात ते कुणाच्या कानाला कळणार नाही. आणि ते फिल्टरचं ऑटोमेशन विरळ करा, माऊसने काढलेल्या एका वळणात शेकडो कंट्रोलर इव्हेंट असतात आणि प्रत्येकाला नोटेइतकाच वेळ लागतो. कीबोर्डवरून आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरच्या दाबाचे संदेश) येत असेल आणि वापरत नसाल तर इनपुटलाच गाळून टाका.

मंद्रसप्तक
+१. नोट ऑफचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता, आज रात्री जागरण.

ठेकेदार
@आकडेमोड्या, जबरदस्त. पण मी नुसता हायहॅट एकटा वाजवला तरी तो हलतो, म्हणजे कमी हलतो पण हलतो. म्हणजे अजून काहीतरी आहे.

वायरमन
असणारच. आता लूपबॅक करा. ड्रम मशीन काढा, इंटरफेसचा आऊट एका केबलने त्याच्याच इनमध्ये खोचा. एका ट्रॅकवर सरळ सोळांश ठेवा, दुसऱ्या ट्रॅकवर ते परत रेकॉर्ड करा. त्या दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा नाहीतर नोट गोल गोल फिरत बसेल आणि सगळं ठप्प. मग इव्हेंट लिस्ट उघडा आणि प्रत्येक नोट किती टिक हलली ते बघा. क्वांटाइझ ऑन रेकॉर्ड बंद आहे ना ते आधी तपासा, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

एक खोच आहे. १२० बीपीएमला ९६० पीपीक्यू (एका बीटचे टिक) म्हणजे एक टिक अर्ध्या मिलिसेकंदाचा. डीएडब्ल्यू ९६ पीपीक्यूवर असेल तर एक टिक पाच मिलिसेकंदांच्या वर, मग मोजमापच आंधळं. शिवाय लूपबॅकमध्ये जाताना आणि येताना दोन्हीकडची डळमळ एकत्र दिसते, म्हणून एकट्या आऊटचा खरा आकडा त्यापेक्षा जरा बरा असतो.

दुसरी चाचणी, ड्रम मशीनवर रिमशॉटसारखा टोकदार आवाज लावून डीएडब्ल्यूमधून वाजवा आणि ऑडिओ रेकॉर्ड करा. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद, सरळ मोजता येतं. मग तोच पॅटर्न ड्रम मशीनच्या स्वतःच्या सिक्वेन्सरवर, बाहेरून काहीही न देता वाजवून रेकॉर्ड करा. तीन निकाल शेजारी ठेवले की चोर कोण ते कळतं.

खिडकीवाला
विंडोजबद्दल मी लिहितो कारण रोजचा संबंध आहे.

विंडोजचा टायमर काही न सांगता सोडला तर १५.६ मिलिसेकंदांच्या ढांगा टाकतो. प्रोग्रॅमने मागितलं तर १ मिलिसेकंदावर येतो, आणि चांगली डीएडब्ल्यू सगळी मागतातच. पण विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून हे मागणं ज्याचं त्याच्यापुरतं झालं. आधी कुणीही एकाने मागितलं की सगळ्यांचं भागायचं. त्यामुळे मध्ये एखादं जुनं छोटं मिडी राउटिंगचं किंवा क्लॉक पाठवणारं टूल बसवलं असेल आणि ते स्वतः मागत नसेल, तर ते १५ च्या ढांगांवर चालत असू शकतं. विंडोज ११ मध्ये तर असं टूल मिनिमाइझ केलेलं असेल आणि त्याचा आवाजही येत नसेल तर मागितलेलं रिझोल्यूशन मिळेलच याची खात्री नाही. तेव्हा असलं टूल असेल तर उडवा, निदान त्याची खिडकी उघडी ठेवा.

नंतर पॉवर. लॅपटॉप चार्जरवर, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. प्रोसेसर दोन नोटांच्या मध्ये डुलकी काढतो आणि जागा व्हायला वेळ घेतो, बायोसमध्ये सी-स्टेट बंद करायची सोय असेल तर करून बघा, लॅपटॉप गरम होईल ते धरून चाला. लेटन्सीमॉन थोडा वेळ चालवून ठेवा, कुठला ड्रायव्हर सिस्टीम अडवून धरतो ते तो नावानिशी दाखवतो. वायफायचा ड्रायव्हर नेहमीचा संशयित, रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय सरळ बंदच ठेवावं.

क्युबेस ही डीएडब्ल्यू वापरत असाल तर मिडी पोर्टच्या सेटिंगमध्ये विंडोज मिडी इनपुटसाठी सिस्टीम टाइमस्टॅम्प वापरा असा एक पर्याय असतो (टाइमस्टॅम्प म्हणजे नोटेवर लिहिलेली वेळ). रेकॉर्ड केलेल्या नोटा जागच्या हलत असतील तर तो दोन्ही बाजूंनी करून बघण्यासारखा आहे. आउटपुटला त्याचा संबंध नाही.

आणि इंटरफेस हबमध्ये खुपसला असेल तर काढा. थेट पोर्टमध्ये.

मंद्रसप्तक
यूएसबीचं नक्की काय असतं? मला वाटायचं यूएसबी एवढं फास्ट आहे तर मिडीचं काय घेऊन बसलात.

आकडेमोड्या
फास्ट आहे, पण ठरलेल्या वेळांना धावतं. फुल स्पीड यूएसबीची फ्रेम १ मिलिसेकंदाची, हाय स्पीडची मायक्रोफ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. बहुतेक छोटे मिडी इंटरफेस फुल स्पीड असतात, म्हणजे नोट पुढच्या फ्रेमची वाट बघते, आणि मिडीचा डेटा सहसा बल्क पद्धतीने जातो ज्याला बस मोकळी असली तर जागा असा नियम. ऑडिओ इंटरफेस, वेबकॅम, हार्ड डिस्क सगळे त्याच हबवर असले की मिडी शेवटी.

खरं दुखणं म्हणजे यूएसबी मिडीच्या नेहमीच्या पाकिटात वेळ लिहिलेलीच नसते. चार बाइटांचं पाकीट, त्यात नोट असते, ती कधी वाजवायची ते नसतं. इंटरफेसला मिळालं की तो वाजवणार. यावर जुना आणि अगदी बरोबर उपाय होता: नोटा वेळेच्या थोड्या आधी, प्रत्येकीवर वेळ लिहून इंटरफेसकडे पाठवायच्या आणि इंटरफेसने आपल्या घड्याळावर बघून त्या सोडायच्या. इमॅजिकचं एएमटी, मोटूचं एमटीएस, स्टाइनबर्गचं एलटीबी, सगळ्यांची कल्पना हीच. उशीर मुद्दाम वाढवायचा आणि त्या बदल्यात डळमळ घालवायची. पण खरा फायदा ठरावीक सॉफ्टवेअरबरोबरच मिळायचा, म्हणून ते मागे पडलं. माझ्या मते जिटरवर याच्याइतका सरळ विचार नंतर बराच काळ कुणी केला नाही. २०२० च्या मिडी २.० मध्ये जिटर रिडक्शन टाइमस्टॅम्प म्हणून हीच गोष्ट परत आली आहे, ३२ मायक्रोसेकंदांच्या मापात, पण दोन्ही टोकांच्या उपकरणांनी ती पाळली तरच.

पेंग्विनपंत
लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: ६.१२ पासून, म्हणजे २०२४ पासून, रिअलटाइमचा (कामांना वेळेवर पाळी देणारा) पॅच मुख्य कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आलाय, वेगळा शोधत फिरायला नको. तेवढं नको असेल तर बूटला थ्रेडआयआरक्यूज हा पर्याय देऊन यूएसबीच्या इंटरप्टला प्राधान्य वाढवा, बराच फरक पडतो. मॅकवर कोअरमिडी (मॅकची स्वतःची मिडी यंत्रणा) प्रत्येक इव्हेंटवर टाइमस्टॅम्प ठेवतं आणि आधी दिलेले इव्हेंट वेळेवर सोडतं, म्हणून तिकडे रडगाणं जरा कमी. यूएसबीच्या पुढे मात्र सगळ्यांची गत सारखीच.

धिम्मी_लय
मला कळत नाही एवढं काय आहे यात. हाताने वाजवणारा कुठला वादक एक मिलिसेकंदाच्या आत वाजवतो? उलट जिटरनेच ग्रूव्ह येतो.

वायरमन
वादक पुढेमागे वाजवतो ते ठरवून. स्नेअर किंचित मागे असेल तर ती दर बारला मागेच असते, त्यालाच आपण लय धरली म्हणतो. जिटरला काही म्हणायचं नसतं.

आणि एक गोष्ट प्रत्यक्ष करून बघा. ड्रम मशीनची किक आणि डीएडब्ल्यूमधला किकचा सॅम्पल एकावर एक ठेवा. दोघांत दर ठोक्याला दोन-अडीच मिलिसेकंदांचा फरक पडत राहिला तर ते वेळ चुकल्यासारखं ऐकूच येत नाही, आवाज बदलल्यासारखं ऐकू येतं. एक किक भरीव, पुढची पोकळ, तिसरीत टिचकी जास्त. कारण दोन लाटा कधी एकमेकींत मिळतात आणि कधी एकमेकींना खातात, २०० हर्ट्झला अडीच मिलिसेकंद म्हणजे अर्धी लाट, सरळ उलटी. लोक मग इक्यू फिरवत बसतात.

धिम्मी_लय
हम्म, लेयरिंगचं मान्य. एकट्या पॅडला अजून पटलेलं नाही.

वायरमन
पॅडला नाहीच फरक पडत, तिथे वेळ घालवू पण नका.

ठेकेदार
केलं सगळं, आत्ता लिहितोय. हबमधून काढला, पॉवरची सेटिंग बदलली, वायफाय बंद. लूपबॅकमध्ये आता बहुतेक नोटा एक-दोन टिकांच्या आत, क्वचित एखादी तीन. गर्दीचा प्रकार तर आखूड नोटा आणि विरळ ऑटोमेशनने जवळजवळ गेलाच, हायहॅट आता सरळ वाटतो. ड्रम मशीन स्वतःच्या सिक्वेन्सरवर एकदम खणखणीत. पण त्याला मिडी क्लॉकवर चालवलं की अजूनही टेम्पो नाचतो आणि पॅटर्न पुढेमागे होतो. नोटा पाठवल्या तर ठीक, क्लॉक पाठवलं तर नाही, असं का?

आकडेमोड्या
क्लॉक म्हणजे एका बीटला २४ टिकटिक. १२० बीपीएमला अशा दोन टिकांच्या मध्ये २०.८ मिलिसेकंद. त्यातली एक टिक १ मिलिसेकंद उशिरा आली तर तेवढ्यापुरता टेम्पो ११४.५ दिसतो, लवकर आली तर १२६. ड्रम मशीन काही टिकांची सरासरी काढून चालतं, कुणी जास्त काढतं कुणी कमी, म्हणून डिस्प्ले नाचतो. नोट एक मिलिसेकंद चुकली तर ती एकटी चुकते, क्लॉक चुकलं की मशीन आपला वेगच बदलायला जातं.

नियमाने क्लॉकचा बाइट इतर मेसेजच्या मध्ये घुसू शकतो, तीन बाइटांच्या नोटेच्या मधोमधसुद्धा, म्हणजे त्याला जास्तीत जास्त एका बाइटाइतकं थांबावं लागायला हवं. पण काही इंटरफेस त्याला सरळ नोटांच्या मागे रांगेत उभं करतात. म्हणून क्लॉकसाठी वेगळा पोर्ट असेल तर तो वापरायचा, त्यावर दुसरं काहीही पाठवायचं नाही.

कट्टर_हार्डवेअर
ड्रम मशीनला मास्टर करा आणि लॅपटॉपला त्याच्या मागे चालवा, प्रश्न मिटला.

वायरमन
नाही मिटत. मग लॅपटॉपला येणाऱ्या टिकटिकीवरून टेम्पोचा अंदाज बांधत चालावं लागतं, ऑडिओ ट्रॅक असतील तर त्यांची ओढाताण होते. सगळं गाणंच हार्डवेअरवर असेल आणि लॅपटॉप फक्त रेकॉर्डर असेल तेव्हा चालेल, आणि तेव्हा तर सिंकच नको, नुसतं रेकॉर्ड करा.

ठेकेदार, तुमच्या ऑडिओ इंटरफेसला रिकामा आऊट आहे का? कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात स्थिर घड्याळ ऑडिओचं असतं, एक सॅम्पल ४८ किलोहर्ट्झला जेमतेम २१ मायक्रोसेकंद, आणि ते हार्डवेअरच्या क्रिस्टलवर चालतं, विंडोजच्या मर्जीवर नाही. तर क्लॉक मिडीमधून पाठवायचंच नाही, ऑडिओ ट्रॅकवर पल्स (छोटे टोकदार ठोके) ठेवायचे, ते रिकाम्या आऊटमधून बाहेर काढायचे. ड्रम मशीनला अ‍ॅनालॉग क्लॉक इन असेल तर सरळ त्यात, नसेल तर पल्सवरून मिडी क्लॉक बनवणारा डबा मिळतो तो मध्ये. त्या आऊटवर कुठलाही इफेक्ट नको, लिमिटर तर नकोच, आणि पातळी पुरेशी ठेवा नाहीतर डबा पल्स गाळतो.

ठेकेदार
आऊट ३-४ रिकामे आहेत, आणि ड्रम मशीनला क्लॉक इन पण आहे! पण त्याला बीटला किती पल्स लागतात?

वायरमन
मॅन्युअल बघा, बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये बदलता येतं. २४ असेल तर २४ घ्या, कमी पल्सवर चालणारी मशीन मधल्या जागा अंदाजाने भरतात. स्टार्ट-स्टॉप मात्र मिडीवरून द्यावा लागेल, पहिला पल्स जायच्या जरा आधी स्टार्ट पोचला पाहिजे, नाहीतर पॅटर्न एक पल्स मागे सुरू होतो आणि तसाच राहतो.

मंद्रसप्तक
ब्लूटूथ कीबोर्डबद्दल कुणी सांगेल का?

आकडेमोड्या
आयडिया टिपायला ठीक. ब्लूटूथच्या पाकिटात मिलिसेकंदांचा टाइमस्टॅम्प असतो, पण कनेक्शन इंटरव्हल कमीत कमी ७.५ मिलिसेकंद, बरेचदा जास्तच. समोरचं सॉफ्टवेअर टाइमस्टॅम्प न बघता आली नोट की वाजव असं करत असेल तर डळमळ तेवढ्याच मापाची. केबल असेल तर केबल लावा.

खिडकीवाला
बफरचं राहिलं. ठेकेदार यांना बफर कमी करून फरक पडला नाही कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी आऊट बहुधा वेगळ्या टायमरवर आहे. काही डीएडब्ल्यू बाहेरचे इव्हेंट ऑडिओच्या ब्लॉकबरोबरच सोडतात, तिथे ५१२ च्या बफरला ४४.१ किलोहर्ट्झवर ११.६ मिलिसेकंदांच्या ढांगा पडू शकतात आणि ६४ ला दीडच्या. काही सॉफ्ट सिंथ लाइव्ह वाजवलेल्या नोटा बफरच्या कडेला नेऊन चिकटवतात. आधीच रेकॉर्ड झालेल्या नोटा प्लगइनमध्ये सहसा सॅम्पलवर बरोबर पडतात, तिथे बफरशी भांडायचं कारण नाही.

धिम्मी_लय
आणि हे सगळं केल्यावर जे उरेल त्याचं काय?

वायरमन
उरलेलं ऑडिओत निस्तरायचं. मिडीवर भरवसा ठेवून शेवटच्या मिक्सपर्यंत हार्डवेअर लाइव्ह वाजवत ठेवायचं नाही, एकेक मशीन एकट्याने वाजवून प्रिंट (ऑडिओत रेकॉर्ड) करायचं, बाकी सगळे मिडी ट्रॅक म्यूट. म्हणजे केबलवर गर्दीच नाही. मग ड्रमचा ट्रॅक आधी अख्खाच्या अख्खा सरकवून सरासरी उशीर काढा, आणि तरीही एखादी किक खटकली तर तेवढीच कापून हलवा. सगळे ठोके ऑडिओ क्वांटाइझने ग्रिडवर आवळू नका, ओव्हरलॅप होणाऱ्या सिंबलच्या शेपट्या तुटतात. बेसच्या बाबतीत ग्रिडपेक्षा किककडे बघून सरकवा.

ठेकेदार
क्लॉक इनला ऑडिओचे पल्स दिले, २४ वर. टेम्पोचा आकडा हलत नाहीये. सिंथवरचा अर्पेजिएटर (कॉर्डच्या नोटा एकेक करून वाजवणारा) मात्र अजून मिडी क्लॉकवरच आहे, त्याला क्लॉक इन नाही. ड्रम मशीनच्या मिडी आऊटमधून त्याला क्लॉक दिलं तर चालेल का?

वायरमन
चालेल, ड्रम मशीन स्वतः स्थिर आहे आणि पल्सवर चालतंय म्हणजे त्याचं क्लॉक लॅपटॉपपेक्षा बरंच असणार. फक्त मग त्या सिंथच्या नोटा आणि क्लॉक दोन वेगळ्या ठिकाणांहून येतील, त्यासाठी मर्ज बॉक्स (दोन मिडी एका केबलवर आणणारा डबा) लागेल, आणि मर्ज बॉक्स क्लॉकला पुढे सोडतो की रांगेत उभं करतो ते आधी तुमच्या रिमशॉटच्या चाचणीने बघा.